तीन धोंड्यांची चूल

परवा हस्ताचा पाऊस उघडला. काल सकाळी रानात जाऊन मूठभर माती उचलली, दाबून तिचा गोळा केला आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडला. गोळा फुटला, त्याचा चिखलही झाला नाही आणि धूळही झाली नाही. म्हणजे वाफसा आला. आमच्या काळ्या रानात वाफसा फार थांबत नाही. ऊन कडक पडलं तर चार-पाच दिवस, वारा सुटला तर त्याहून कमी. तेवढ्यात पेरणीची पाभर फिरली तर ज्वारी साधली, नाहीतर ते वर्ष गेलं असं समजावं. गावात मला हिशोबी म्हणतात, आणि ते खरं आहे. पण या चार-पाच दिवसांत माझ्यासारखे सगळेच हिशोबी होतात. कोणाच्या दारात बैल किती, बी किती, माणसं किती, एवढंच बोलणं चालतं.

काल मात्र गोळा फुटलेला पाहून मला आधी माझी पेरणी आठवली नाही. गेल्या वर्षीची गयाबाईची आठवली. म्हणजे तिची जी झाली नाही, ती.

आमचं गाव शेवगाव तालुक्याच्या अगदी उगवत्या कडेला, गंगेच्या काठी. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. अलीकडचा काठ आधी इंग्रजांचा होता, मग आपला झाला. पलीकडचा काठ गेल्या वर्षाच्या भाद्रपदापर्यंत निजामाचा. पल्याड उतारावर करोडगिरीचा नाका होता. मिठाची पिशवी असो की लुगडं, तिथं जकात भरल्याशिवाय पुढे जात नसे. वाफसा मात्र दोन्ही काठांवर एकाच दिवशी यायचा, आणि त्याला नाका अडवत नव्हता. माती एकच, ज्वारी एकच, सोयरिकी तर इतक्या गुंतलेल्या की आमच्या गावातल्या निम्म्या सुना पल्याडच्या. लहानपणापासून मी ती नदी पाहिली, पण ती सरहद्द आहे हे मला कधी पटलं नव्हतं. ते पटलं गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, जेव्हा माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन गुडघाभर पाण्यातून आमच्याकडे येऊ लागली.

रझाकारांनी पल्याड काय केलं ते मी पाहिलेलं नाही, म्हणून त्याचं वर्णन करणार नाही. आलेली माणसं मी पाहिली. पहिले दोन-तीन दिवस ती बोलत नसत. मग एकदम खूप बोलत. मग पुन्हा गप्प होत, आणि त्यानंतर काम मागायला येत.

गावानं त्यांना ठेवून घेतलं, पण आंधळेपणानं नाही. त्या दिवसांत काठावरच्या प्रत्येक गावाला हेरांची भीती होती. मारुतीच्या पारावर बसून आम्ही एक ठराव केला. कागदावर काही नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होता. गावात ज्याची चूल आहे अशा कोणीतरी पाहुण्याची ओळख द्यायची. आणि पाहुणा गावात आहे तोवर ओळख देणाऱ्यानं गाव सोडून मुक्कामाला जायचं नाही. दुसरी अट मी घालायला लावली होती. एका गड्यानं आधी तीन घरांची ओळख दिली आणि स्वतः बेलापूरकडे उसाच्या कामाला निघून गेला. मागे पाहुण्यांची भांडणं लागली तेव्हा विचारायचं कोणाला, हेच कळेना.

नामदेव आणि गयाबाई आले तेव्हा ओळख माझ्या बायकोनं दिली. नामदेव तिच्या मामेबहिणीच्या नणंदेचा दीर. मी बोटांवर नातं मोजून पाहिलं आणि बसतं म्हणालो. आमचा गोठा पाच खणांचा. तीन खण आमच्या जनावरांना ठेवले, दोन त्यांना दिले. एका खणात दोन बैल सोयीनं उभे राहतात. माणसं किती राहतात याचा मला अंदाज नव्हता. त्यांनीही कधी तक्रार केली नाही, फक्त त्यांचे बैल बाहेर बाभळीखाली बांधले.

दुसऱ्या दिवशी गयाबाईनं ओढ्यातून तीन धोंडे आणले, मधली जमीन शेणानं सारवली आणि चूल पेटवली. तोवर माझ्या बायकोनं तिला ताटात भाकरी वाढली होती. ती भाकरी तिनं खाल्ली, पण परत ताट घेऊन आली नाही. कामाचे दाणे घेई, दळी आणि आपली भाकरी आपण थापी. त्या पावसाळ्यात गोठ्यातला धूर कौलांच्या फटींतून निघताना मी रोज पाहत होतो. ओल्या कडब्याचा, शेणाचा आणि भाजत्या भाकरीचा मिळून एक वास असे. बैलांच्या रवंथाचा आवाज आणि भाकरी थापण्याचा आवाज एकमेकांत मिसळून जाई. आता गोठ्यात नुसता रवंथाचा आवाज असतो. तो पुरेसा वाटत नाही.

आमच्या वरच्या बांधावरून तिच्या गावच्या चिंचा दिसतात. खुरपता खुरपता ती उभी राही आणि डोळ्यांवर हात धरून पल्याड बघे. कोणाच्या घराचा धूर कुठून निघतो हे तिला ठाऊक होतं. ‘आज आमच्या आळीला धूर न्हाई,’ एवढं सांगून पुन्हा खाली बसे. मी कधी पुढे विचारलं नाही.

भाद्रपदात आपलं सैन्य पल्याड गेलं आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. पारावर गूळ वाटला गेला. गोठ्यात तर नामदेवनं त्याच दिवशी माझी तासणी मागून घेतली आणि पाभरीचा दांडा तासायला बसला. घराची कडी तुटली असेल, भांडी गेली असतील, त्याची त्याला फिकीर नव्हती. पाऊस होत होता, हस्त तोंडावर होता. वाफशाला आपल्या रानात उभं राहायचं, बस. त्याच्या रानात मूठ नेहमी गयाबाईनं धरायची. पाभरीच्या चाड्यावर हात ठेवून बी सोडत चालायचं, सरी न चुकवता, दाणा ना दाट ना विरळ. ते सगळ्यांना येत नाही. माझ्याकडे तिनं बाजरीची मूठ धरली होती, आणि उगवण पाहून मी स्वतःशी म्हणालो होतो की इतकी सारखी ओळ मी आखून काढली नसती.

त्यांचं निघायचं ठरलं, आणि त्याच दुपारी नावेनं तिघं जण उतरले.

गावात न येता तिघंही वाळूवरच बसून राहिली. गयाबाई धुणं घेऊन खाली गेली होती. तिनं ओळखलं. तिच्याच गावचे मुलाणीबाबा, त्यांची सून शरीफा आणि सुनेच्या कडेवर तान्हं. सैन्य पुढे निघून गेलं होतं आणि मागे राहिलेल्या लोकांनी हिशोब चुकते करायला घेतले होते. ते कोणाशी चुकते करायचे हे मात्र कोणी नीट पाहत नव्हतं. बाबांचा मुलगा त्यात मारला गेला. जत्रेत देवीपुढच्या बकऱ्यावर सुरी चालवायचा मान ज्या म्हाताऱ्याचा, तो आता आपल्याच गावच्या माणसांना भिऊन नदी ओलांडून आला होता. ज्या पाण्यातून गयाबाई उन्हाळ्यात आली, त्याच पाण्यातून, आणि त्याच दिशेनं.

गाव पारावर जमलं. बायका देवळाच्या भिंतीकडेला उभ्या. पाटलांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, यांची वळख कोन देतंय? कोणी बोललं नाही. नामदेव खाली बघत होता. मुलाण्याच्या घरची सोयरीक आमच्या गावात असणार कशी? ठराव करताना हा विचार कोणाच्या मनात आला नव्हता. तेव्हा येणारे सगळे आपलेच सोयरे होते.

रंगनाथ उठला. त्याची बहीण पल्याड दिलेली, तिचं घर उन्हाळ्यात जळालं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यानं आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला की मुलाण्याच्या पोरानं खाकी घातली होती, रझाकारांबरोबर फिरला होता. पल्याडचे कोणी असतील तर त्यांनी नाही म्हणावं.

गयाबाई भिंतीपासून पुढे आली. म्हणाली, “घातली हुती. मी कशाला न्हाई म्हनू? तो गेला आता, त्याचं त्याच्यासंगं. म्हाताऱ्यानं न्हाई घातली. आन ह्या लेकरानं काय घातलंय ते बघा की समद्यांनी. करगुटाबी न्हाई अंगावर.”

दोन-चार जण हसले आणि लगेच गप्प झाले.

“वळख मी देते,” ती म्हणाली.

रंगनाथ म्हणाला की ओळख द्यायची तर गावात चूल लागते. तिची चूल कुठे आहे? तिनं आमच्या गोठ्याकडे हात केला. त्यावर तो म्हणाला, “ते तीन धोंडं? त्याला चूल म्हनत्यात व्हय? उद्या मेंढरावाला माळावर भाकर भाजंल, तोबी वळख देईल.”

आणि हे चुकीचं नव्हतं. पाहुण्यानं पाहुण्याची ओळख द्यायची म्हटलं तर ठरावाला अर्थ राहत नाही. मी मनात तेच मांडत होतो, तेवढ्यात भिंतीपाशी माझी बायको बोलली. ती पारावर कधी बोलत नाही. ती रंगनाथशी बोललीच नाही, त्याच्या बायकोशी बोलली. “का गं, श्रावणभर काडीपेटी मिळत नव्हती. तुझी चूल इझली तवा इस्तू कुनाकडनं नेत हुतीस? मी तर गयाबाईकडनंच नेत हुते. तिची चूल न्हाई, तर मंग आपल्या घरी सैपाक कशावर झाला?”

रंगनाथच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. नाही म्हणाली नाही. काडीपेट्यांचा दुष्काळ खरा होता. सरकारी दुकानात त्या येत आणि दिसण्याआधी संपत. ज्या घरी राखेखाली निखारा टिकतो तिथून बाकीच्यांनी गोवरीवर विस्तव न्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. गोठ्यातल्या दोन खणांत धान्य दाखवण्याइतकं नव्हतं, पण विस्तव कधी विझला नव्हता. आमच्या आळीतली किती घरं त्या धोंड्यांवरून पेटत होती, हे आम्हां पुरुषांना पहिल्यांदाच कळत होतं.

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, शेजारी जिथून विस्तव नेतो ती गावातली चूल, यात मला शंका नाही. ओळख धरावी. पण मग दुसरी अटही धरावी लागेल. हे तिघं आहेत तोवर गयाबाईला गाव सोडता येणार नाही.

सगळे एकदम तिच्याकडे बघायला लागले. उद्या-परवा वाफसा येणार हे पारावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. तिनं मान हलवली.

पुढे मला कोणी कोणी बोल लावला. म्हणाले, अण्णा, तेवढं सोडलं असतंत तर काय बिघडलं असतं? बायकोनंही त्या संध्याकाळी भाकरी जरा आपटूनच वाढली. मी विचार केला, आजही करतो. माझं मत बदललेलं नाही. त्या दिवशी गयाबाईसाठी अट ढिली केली असती, तर आठवड्यानं रंगनाथनं तीच ढिली अट दाखवून तिघांना नावेत बसवलं असतं. आसऱ्याला आलेल्या माणसाला दयेपेक्षा नियमाचा आधार जास्त. दया मनावर असते, आणि मन त्या दिवसांत कोणाचंच ठिकाणावर नव्हतं. पण नियमाची किंमत कोणाला तरी भरावी लागते, आणि ती भरणारा बहुधा नियम करणाऱ्यांपैकी नसतो. हेही त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं.

गोठ्यातलं बोलणं घरात ऐकू येई. नामदेव ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मूठ कोण धरणार, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. वर्षभर खायचं काय, पुन्हा अण्णाच्या गोठ्यात यायचं का? ती म्हणाली, “आपुन आलो तवा आक्कानं इचारलं का, माझी पेरनी कोन करंल म्हनून?” आक्का म्हणजे माझी बायको. त्यावर तो म्हणाला की आपण त्यांचे सोयरे होतो. ती म्हणाली, “मामेभनीच्या ननंदेचा दीर. लईच जवळचा.”

वाफसा आला त्या सकाळी नामदेव एकटाच निघाला. बैल नावेच्या कडेनं पोहत गेले, त्यांची शिंगं तेवढी पाण्यावर दिसत होती. पाभर नावेत आडवी ठेवलेली. गयाबाई काठावर गेली नाही. त्या दिवशी तिनं माझ्या रानात मूठ धरली. मी पाभर हाकत होतो. मागे पाहिलं नाही, पण चाड्यातून दाणे उतरतानाचा आवाज सबंध दिवस एकसारखा होता.

मग कार्तिक, मार्गशीर्ष. गोठ्याच्या दुसऱ्या खणात आणखी तीन धोंडे आले, शरीफाची चूल वेगळी झाली. एकीचं कालवण दुसरीच्या चुलीवर जात नव्हतं. ते मी लपवणार नाही. विस्तव मात्र जात होता. बाबा दिवसभर गोठ्याच्या दारात उन्हाला बसत. पहिल्यांदा ते कोणी दिसलं की उठून उभे राहत. म्हातारा माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचा, मला बघून उठायचा. मी दोनदा सांगितलं, मग सांगणं सोडलं आणि त्या बाजूनं जाणंच कमी केलं. पुढे एक दिवस मी गेलो आणि ते उठले नाहीत, बसल्या जागी हात वर करून ‘या अण्णा’ म्हणाले. मला बरं वाटलं. तान्हं रांगायला लागलं होतं, बैलांच्या पायांत जायचं. रंगनाथ वाटेनं जाताना गोठ्याकडे तोंड फिरवून जाई. आजही जातो. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या बहिणीचं घर खरंच जळालं होतं.

नामदेवचा निरोप नाही. गयाबाई वरच्या बांधावर उभी राही, पण आता धुराबद्दल बोलत नसे. आमची ज्वारी पोटरीत आली, निसवली. तिकडे तिचं रान पडीक असेल तर ते इकडून दिसत नाही, चिंचा आड येतात.

पौषात नदी उतरली, उतारावरून गाड्या येऊ लागल्या. एका दुपारी नामदेव गाडी घेऊन आला. बैल वाळले होते, तोही वाळला होता. अंगणात गाडी सोडली, तांब्याभर पाणी प्याला, आणि गयाबाईशी न बोलता माझ्याशी पिकापाण्याच्या गोष्टी करत बसला. मीच शेवटी विचारलं, पेरणी साधली का? म्हणाला, साधली म्हणायची. चुलतीला मूठ धरायला लावली. म्हातारीचा हात कापतो, कुठे दाट, कुठे विरळ, पण उगवली.

मग म्हणाला की मुलाण्याचं इनामी रानही पेरलंय. त्याच्या बांधाला लागूनच ते. गावात बोलणं चाललं होतं की मालक पळाला, रान मोकळं आहे, जो आधी पाभर घालील त्याचं. त्यानंच घातली. बी आपलंच होतं.

गयाबाई गोठ्याच्या दारात येऊन उभी होती. तिनं विचारलं, “का पेरलं?”

“बांधाला बैल वळंनात,” नामदेव म्हणाला.

“त्या बैलांला मी वळखते,” ती म्हणाली आणि आत गेली. तिच्या बांगड्यांचा आणि भांड्यांचा आवाज येऊ लागला. भाकरीच्या तयारीचा होता की गाठोडं बांधण्याचा, ते मला बाहेरून कळलं नाही.

बाबांनी सगळं ऐकलं होतं.  सून भिंतीआड उभी होती; तिचा एक हात चौकटीवर दिसत होता. परत जायचं म्हणजे त्याच वाटेनं, त्याच माणसांत. ज्यांनी त्यांच्या मुलावर हात टाकला ते त्या गावात राहतच असणार. आम्ही इकडे कितीही खण मोकळे केले तरी त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. मी म्हणालो, बाबा, तुम्ही इथं राहिलात तरी कोणी उठवणार नाही. गयाबाईला जायचं तर तिनं जावं, तुमची ओळख आता मी देतो. हे मी मनापासून म्हणालो. ठरावात बसतही होतं.

नामदेवनं माझं बोलणं पुरं होऊ दिलं. मग म्हाताऱ्याकडे वळून म्हणाला, “बाबा, जवारीचा दाना चिकात आलाय. पाखरं पडत्यात. माझ्याच रानाची राखन मला हुईना, तुमच्या रानात कोन हुबं ऱ्हानार? तिथं टाळकं खाल्लं की ती भोरडी माझ्याकडंच येत्यात. येतायसा का न्हाई त्येवढं सांगा.”

 तान्हं येऊन बाबांच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं, त्याला त्यांनी एका हातानं सावरलं.   मान वर करून माझ्या बायकोला विचारलं, “आक्का, घरात आंबाडी हाय का जरा?”

तिनं आढ्यावरची आंबाडीच्या वाखाची मोळी काढून दिली. भिंतीला टेकून, पायाच्या अंगठ्यात पीळ अडकवून, म्हातारा गोफण वळायला बसला.